पाठीवरची रेघ

आमच्या घरात कुणी कुणाला रागवत नसे. ते काम बाबा प्रार्थनेत उरकून घेत. ताटं वाढून झाली की आम्ही माना खाली घालायचो आणि बाबा सुरू करायचे: हे दयाळू पित्या, या घरात कुणीतरी आंघोळीनंतर नळ नीट बंद करत नाही, त्या व्यक्तीला सद्बुद्धी दे. ती व्यक्ती म्हणजे मी. नाव कधी घ्यायचे नाहीत, पण बाण बरोबर लागायचा. फारच लांबलं की आई मध्येच खणखणीत ‘आमेन’ म्हणून, पातेल्यावर झाकण टाकावं तशी प्रार्थना बंद करून टाकायची. त्या टेबलाशी बसणाऱ्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे. हल्ली जेवण गरम गरम पुढ्यात येतं आणि मला ते निवलेलं जेवण आठवत राहतं.

बाबा बुकबाइंडर होते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं आणि बाबांचा बिनलग्नाचा धाकटा भाऊ, माझा काका. काका कायम तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. दिवसाला चार वाक्यं बोलला तर आई म्हणायची, आज स्वारी फार बडबडतेय.

कामाची रीत ठरलेली होती. पुस्तकाच्या सोळा-सोळा पानांच्या घड्या बाबा क्रमाने लावत, गठ्ठा दाबून बसवत आणि सगळ्या घड्यांच्या पाठीवरून, म्हणजे शिवणीच्या बाजूवरून, पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारत. पुढे कुणाच्या हातून एखादी घडी हलली किंवा उलटली, तर त्या जागी रेघ तुटलेली दिसे. मग काका शिवायचा, आई खळ लावायची, मी पाठीवर रद्दी कागदाची पट्टी चिकटवायचे आणि तिच्यावर कापड चढायचं. रेघ त्याखाली कायमची झाकली जाई. बाबांचा त्या रेघेवर देवाखालोखाल विश्वास होता.

आमच्या चर्चचं मोठं प्रार्थनापुस्तक खिळखिळं झालं, म्हणून नव्याने बांधायला आमच्याकडे आलं. बांधून गेलं आणि पहिल्याच रविवारी पाळकांनी भर उपासनेत पान उलटलं, तर पुढची सोळा पानं खाली डोकं वर पाय. पाळकांनी उरलेली प्रार्थना तोंडपाठ म्हणून वेळ मारून नेली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. पहिल्या बाकावर बसलेल्या बाबांचे कान लालबुंद झालेले मला मागून दिसत होते.

संध्याकाळी बाबांनी प्रार्थना केली: हे पित्या, ज्यांनी तुझं पुस्तक उलटं शिवलं त्या निष्काळजी हातांना क्षमा कर. काकाचे हात टेबलावर होते. त्याने ते हळूच मांडीवर घेतले.

पाळक म्हणाले होते, तेवढी पानं सोडली तर पुस्तक चालतंय, सवडीने दुरुस्त करू. ती सवड यायला तीन आठवडे लागले. एकवीस दिवस बाबांनी त्या हातांसाठी रोज क्षमा मागितली. काका ‘आमेन’ म्हणेनासा झाला. मग एके दिवशी त्याने एक पत्र टेबलावर ठेवलं. दुसऱ्या गावातल्या छापखान्यात त्याला नोकरी लागली होती, सोमवारी निघायचं होतं. बाबांनी त्या दिवशी प्रवासाला निघणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. आई उठून आत गेली. आतून तिचा आवाज आला, “अंगाखांद्यावर वाढवलंत आणि क्षमा मागून मागून हाकललंत.”

शनिवारी पुस्तक आलं. कापड सोलून बाबांनी ओल्या फडक्याने पाठीवरची खळ भिजवली, पट्टी काढली. मी शेजारी उभी होते. हळूहळू रेघ दिसू लागली. वरपासून खालपर्यंत अखंड, त्या उलट्या घडीवरूनही सरळ गेलेली. मी बाइंडरची मुलगी, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. काकाने घडी उलटवली असती, तर रेघ तिथे तुटली असती. बाबांनी रेघ मारली तेव्हाच ती उलटी होती.

बाबांनी खोडरबर उचलला. रेघेवर टेकवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खळीच्या भांड्यात बघू लागले. खरं सांगते, त्यांनी रेघ पुसली असती तरी मी कुणाला सांगितलं नसतं. त्याची मला अजून लाज वाटते. बाबांनी खोडरबर खिशात टाकला आणि ते हात धुवायला गेले.

त्या संध्याकाळी काकाची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. आम्ही माना खाली घातल्या. बाबा सुरूच करेनात. आईने एक डोळा उघडून पाहिलं.

“प्रभू,” बाबा म्हणाले, “ती घडी मी उलटी लावली होती. एकवीस दिवस तुझं नाव घेऊन मी माझ्या भावाला मारत होतो. माझ्यावर दया कर.”

मग त्यांनी डोळे उघडले आणि मान वळवून काकाकडे पाहिलं. “तूही कर.”

मला रडू फुटलं. आई ‘आमेन’ म्हणाली नाही, वाट बघत राहिली. शेवटी ‘आमेन’ काका म्हणाला. मग बाबांचं ताट त्यांच्याकडे सरकवून म्हणाला, “दादा, जेव. निवतंय.”

दुसऱ्या दिवशी मी काकाला विचारलं, तुला माहीत होतं का? तो म्हणाला, शिवताना मी अक्षरं बघत नाही, दादाची रेघ बघतो, आणि रेघ कुठे तुटली नव्हती. मग बोलला का नाहीस, म्हणून मी जवळजवळ भांडलेच.

“दादा देवाशी बोलत होता,” काका म्हणाला. “मध्ये कसं बोलायचं?”

सोमवारी बाबांनी घड्या पुन्हा लावल्या, प्रत्येक पान दोनदा पाहिलं, गठ्ठा दाबला आणि पेन्सिल काकाच्या हातात दिली. काकाने रेघ मारली. त्याने शिवलं, आईने खळ लावली, मी पट्टीसाठी रद्दी कागद शोधू लागले. तेव्हा काकाने खिशातून ते नोकरीचं पत्र काढलं, पाठीच्या मापाने फाडलं आणि माझ्यापुढे धरलं. मी ते नीट दाबून चिकटवलं आणि वरून कापड चढवलं.

ते पुस्तक अजून चर्चमध्ये वापरात आहे. रविवारी पाळक ते उघडतात तेव्हा सगळे पानांकडे बघतात, मी पाठीकडे बघते.