गरम गाळलेलं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे मातीबाई म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. एकोणीस वर्षं जी बाई माती भिजवते, धुते, वाळवते, भाजते, तिला काय अत्तरवाली म्हणायचं? घरी मात्र नणंदेनं तो शब्द बरोबर उचलला होता. "आमच्या वहिनी एवढं शिकल्यासवरल्या आणि शेवटी चिखलच कालवतात," असं ती चारचौघांत म्हणायची. मातीबाई हसून सोडून द्यायची, पण लागायचं तिला.

आता त्या तोंडाला कुलूप लागायची वेळ आली होती. मातीबाईनं बारीक मातीच्या थरांत लोखंड बसवून एक भुकटी केली होती. रंगकारखान्याच्या सांडपाण्यात चमचाभर भुकटी टाकायची, पेरॉक्साइड ओतायचं, साठ अंशांवर ठेवायचं, की तासाभरात जांभळं पाणी नितळ. रंग तोडायचं काम लोखंडाचं आणि लोखंडाला धरून ठेवायचं काम मातीचं. पाणी गाळलं की भुकटी परत वापरायला मोकळी. 'दहा वेळा वापरा' असं साहेबांनी अहवालात घालूनही टाकलं होतं. गुरुवारी कारखान्याची मालकीण बघायला येणार होती. आणि त्या अहवालावर साहेबांच्या नावाखाली, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, मातीबाईचं नाव होतं.

मंगळवारी माशी शिंकली. रोजची रीत अशी, की जेवणाची घंटा झाली की चंबू शेगडीवरून उतरवायचा, डबा खाऊन यायचं, मग पाणी गाळायचं आणि त्यात लोखंड उतरलंय का ते तपासायचं. कधी सापडलं नव्हतं. त्या दिवशी ती डबाच घरी विसरली. बसून काय करायचं, म्हणून तिनं चंबू गरम असतानाच गाळला. भुकटी वर कागदावर राहिली; तास पुरता भरला नव्हता, म्हणून खाली फिकट जांभळं पाणी आलं. ते तिनं सहज शेगडीवर ठेवलं. दहा मिनिटांनी बघते तर जांभळा रंग गायब.

तिनं गाळणीचा कागद परत उचलून पाहिला. भुकटी तर कागदावर होती, मग रंग खाल्ला कोणी? लोखंडानंच, दुसरं कोण. गरम पाण्यात ते माती सोडून उतरत होतं आणि माणसं जेवून येईपर्यंत, पाणी निवलं की, गुमान परत मातीवर जाऊन बसत होतं. आठ महिने निवलेलं पाणी तपासून सगळ्यांनी आपली पाठ थोपटून घेतली होती. आणि गाळणारा हात तिचाच होता.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "किती उतरतं?"

"एका वेळेला शंभरातलं सात. गरम गाळून दहा वेळा वापरली तर मातीत अर्धं तरी उरेल काय, कप्पाळ?"

"मग निवल्यावर गाळा. आजवर गाळत होतातच की."

"कारखान्यात पाणी कोण निवत ठेवणार आहे, साहेब? तिथं चोवीस तास धार चालू."

"तुमचं नाव आहे त्या कागदावर," साहेब शांतपणे म्हणाले. "एवढं विसरू नका."

विसरणार कशी? हवं होतं तिला ते नाव. भुकेल्या माणसाला भाकरी हवी असते तसं हवं होतं. संध्याकाळी भांडी घासताना तिचे डोळे भरून आले आणि स्वतःचाच राग आला. नणंद दारात उभी होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग गप्प बसा की, वहिनी. कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना, वन्सं," मातीबाई म्हणाली आणि पातेलं असं आपटलं की नणंद दोन पावलं मागं सरली.

गुरुवारी मालकीण आली. चंबू शेगडीवर होता, घंटा झाली. "आधी जेवून घेऊ," साहेब म्हणाले.

"जेवण कुठं पळून जातंय?" मातीबाईनं फडक्यानं गरम चंबू उचलला आणि सगळ्यांसमोर गाळला. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, हात दाखवून अवलक्षण करू नका." तिनं गाळलेलं फिकट जांभळं पाणी शेगडीवर ठेवलं आणि मालकिणीला स्टूल दिलं. मालकीण पाच मिनिटं वाकून बघत राहिली. रंग उतरत गेला.

"भुकटी तर वर आहे," मालकीण म्हणाली. "मग हे कसं?"

"लोखंड मातीतून सुटतंय. दहा वेळा चालणार नाही. माती जास्त भाजून बघायला हवी, कदाचित धरेल. आज धरत नाही."

मग तिनं अहवाल ओढला, 'दहा वेळा' वर काट मारली आणि खाली लिहिलं: गरम गाळल्यास लोखंड सुटते. आठ महिने थंड करून गाळण्याची चूक माझी. खाली पूर्ण नावानं सही केली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "असल्या कागदावर माझं नाव नको," म्हणत त्यांनी पेन काढलं आणि स्वतःच्या नावावर जोरात रेघ मारली. कागद फाटता फाटता राहिला.

आता त्यावर एकच नाव होतं.

"एक प्रत मला द्या," मालकीण म्हणाली.

"दोन काढते," मातीबाई म्हणाली. "एक घरी न्यायची आहे. आमच्या वन्संना दाखवायला."