नवरा किती पितो?

सरूने शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं न टाकलं तोच निशाताईंनी तिचा हात धरला आणि तिला डावीकडच्या वर्गात नेलं. भिवंडीतल्या त्या शाळेत दर रविवारी उजवीकडे दारू सोडणारे बसायचे आणि डावीकडे त्यांच्या बायका. बाई आली म्हणजे दारुड्याची बायकोच असणार, दुसरं कोण? बायकांची बैठक चालवणाऱ्या निशाताई तर स्वतः नवऱ्यापायी पोळलेल्या, त्यांना तरी काय दोष द्यायचा. सरूने जाता जाता उजवीकडे डोकावलं. सगळे पुरुष, आणि त्यांच्यात ती कामाला जायची त्या दापोड्याच्या गोदामातला मुकादम. ती मुकाट्याने डावीकडे जाऊन बसली.

सरूच्या नवऱ्याला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. पीत होती ती सरू, आणि चांगली पीत होती. पाड्यावर सणाला, लग्नाला बायाही घेतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण सरूचं सणवार बघणं केव्हाच सुटलं होतं. गोदामातून निघायचं, नाक्यावर उतरायचं, तिथल्या दारूच्या झोपडीत शिरायचं, मग घर. आता लेक पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी रीत. पण स्नेहाने फोनवर साफ सांगितलं होतं, "तू पितेस तवर मी येनार न्हाय, आये. माझं पोर तुझ्या हातात देनार न्हाय."

तेव्हापासून सरू सोडायची आणि पुन्हा धरायची. कालपासून तिने थेंब घेतला नव्हता आणि अंगाची नुसती लाही होत होती.

वर्गात बाया मन मोकळं करत होत्या. एकीच्या नवऱ्याने घरातली भांडी विकली होती, दुसरीचा गटारात सापडला होता. दारुड्यांची जातच मेली नालायक, असं कुणीसं म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. सरूनेही हलवली, करते काय! बायजाबाई चहा देत फिरत होती. पूर्णा गावची म्हातारी, नवरा पिऊन पिऊन मेला त्याला वर्षं लोटली, तरी चहाची सेवा सोडत नाही म्हणून तिचं केवढं कौतुक. सरूला कप देताना तिचा हात असा थरथरला की अर्धा चहा बशीत सांडला. वय झालं हो, शेजारीण म्हणाली. सरू मात्र त्या हाताकडे बघत राहिली.

मग निशाताईंनी मायेने विचारलं, "तुमचा नवरा किती पितो?"

"नवरा न्हाय पीत," सरू म्हणाली. "मीच पिते."

पुढच्या बाईने आपली पिशवी जवळ ओढली. निशाताई चाचरत म्हणाल्या की तुमची बैठक पलीकडे असते, इथे फक्त घरची माणसं. रागावल्या नाहीत त्या, पण सरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, चपला पायात सरकवल्या आणि निघाली. फाटकासमोर वज्रेश्वरीची एसटी लागली होती. आता नाक्यावर उतरायचं आणि झोपडीत शिरायचं, एवढंच तिला दिसत होतं. गेलं बाळंतपण, गेली लेक.

फाटकाशी कुणीतरी मागून तिचा पदर ओढला. बायजाबाई होती, धापा टाकत.

"नवरा मेला तरी मी इथं कशाला येते, कोनी इचारलंच न्हाय गो," ती म्हणाली. "तू तरी इचार."

आपलंच आपल्याला झेपेना, त्यात हिचं कुठे घेऊन बसू, असं सरूला वाटलं आणि तिला रडूच कोसळलं. कंडक्टरने घंटी मारली. सरूने म्हातारीचा कापरा हात आपल्या कापऱ्या हातात घेतला.

"बाय, किती पितेस?"

बायजाबाई तिथेच पायरीवर टेकली आणि सांगू लागली. एसटी सुटली तेव्हा सरू तिच्या शेजारी बसलेली होती.