एका डिस्कवर

दादा गेला आणि पंधरवड्यात त्याचा कॉम्प्युटरही बसला. मालकाची साथ करायची केवढी ती हौस! काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी यायच्या आणि सगळं तिथेच थांबायचं.

"वन्सं, दिवसभर लोकांचे सर्व्हर उठवता ना, आता घरचा उठवा," वहिनी म्हणाली. एरवी ती चिडवताना वन्सं म्हणते. आज नुसती सवय म्हणून म्हणाली.

दादाने आजारपणात लेकीसाठी, चिमीसाठी, एक गोष्ट रेकॉर्ड केली होती, अस्वलाची, स्वतः रचलेली. चिमीने अर्धीच ऐकली होती. बाकीची त्या कॉम्प्युटरमध्ये.

आत दोन हार्ड डिस्क होत्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच, म्हणजे एक गेली तरी चिंता नको. पहिली मेली होती, आतून नुसती टकटक. दुसरी धडधाकट होती, पण मशीन चालवणारं लिनक्स एकीवर सुरू व्हायला तयार नव्हतं. जोडीदारणीची वाट बघायचं आणि हात वर करायचं. मी कमांड दिली: बाबा रे, आहे त्या एकीवर चल. चाललं. चिमीने टाळ्या पिटल्या.

मग मी तारखा पाहिल्या. शेवटची फाईल उन्हाळ्यातली. म्हणजे ही डिस्क तेव्हाच जोडीतून गळली होती. मशीनने इशारे दिले असणार, पण दादा ते कुठला वाचतोय! आजार नंतरचा, गोष्टही नंतरची. ती फक्त मेलेल्या डिस्कवर होती.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. टकटक ऐकून तो म्हणाला, "आता आशा सोडा."

"आत्या, अस्वल घरी पोचतं का गं?"

"माहीत नाही, चिमे." मला रडू यायला हवं होतं. काहीच येत नव्हतं. वहिनी भांडी घासायला गेली.

काहीतरी करायचं म्हणून मी ती शेवटची फाईल उघडली. नवा माइक आणला त्या दिवशीची. खरखर झाली, आणि मग दादा मोठ्याने ओरडला, "हॅलो, हॅलो! अगं, ऐकू येतंय का तिकडे?"

"येतंय हो, ओरडू नका!" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग भांड्यांचा आवाज थांबला. नळ तेवढा वाहत राहिला.