बिल्ल्याचा कोट

सकाळी अकरा वाजता वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलाखतीच्या खोलीत थोरलीने अंगातला कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीला अडकवला. समोरचे तिघे परीक्षक बघत राहिले.

कोट मावसबहिणीचा. ती शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजात शिकलेली, आणि खिशावर त्या कॉलेजचा बिल्ला शिवलेला. थोरलीची आई कपडे दुरुस्त करून द्यायची. तिने कोटाच्या बाह्या आखूड केल्या, खांदे आत घेतले आणि बिल्ला उसवायला कात्री उचलली. पण कापड विटलं होतं. बिल्ला काढला असता तर खालचा गडद डाग दुरून ओळखू आला असता. "राहू दे," आई म्हणाली. "फाइल छातीशी धर म्हणजे झालं. आणि हातवारे करू नकोस, खांद्याची शिलाई कच्ची आहे."

थोरलीचं स्वतःचं कॉलेज एका फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर भरायचं. त्याचं नाव सांगितलं की लोक तोंडाकडे बघत. प्रवेश परीक्षेत मात्र तिला असे गुण मिळाले होते की मामाने दोनदा चष्मा पुसून ते वाचले. तरी दोन महाविद्यालयांनी तिला मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. हे तिसरं, आणि शेवटचं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

उमेदवाराने फाइल टेबलावर ठेवायची आणि मुलाखत संपेपर्यंत ती कुणी उघडायची नाही, असा इथला नियम. पूर्वग्रह नको म्हणून. त्यामुळे आत गेल्या गेल्या फाइल टेबलावर ठेवावी लागली आणि बिल्ला उघडा पडला.

अध्यक्ष सर्जन होते. बिल्ला बघून त्यांचा चेहरा खुलला. ते त्याच कॉलेजचे. "काय गं, तो मागचा जिना अजून करकरतो का?"

"मला माहीत नाही, सर."

"पुस्तकातून डोकं वर काढलं तर कळेल ना," ते हसून म्हणाले.

मग प्रश्न सुरू झाले. शस्त्रक्रियेला नकार देणाऱ्या रुग्णाला काय सांगशील, रक्त कमी असल्याचं डोळ्यांवरून कसं ओळखशील, न कळलेली गोष्ट वरिष्ठांना कशी विचारशील. थोरली घाई न करता बोलली. एका ठिकाणी अडली, तेव्हा अडल्याचं सांगितलं. अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले, याला म्हणतात पाया. तिघांनी आपापल्या कागदावर गुण लिहिले आणि नियमाप्रमाणे फाइल उघडली.

अध्यक्षांनी कॉलेजचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे कुठे आलं?"

"फर्निचरच्या दुकानावर, सर."

परीक्षकांतल्या पॅथॉलॉजीच्या बाई खाली बघून हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. हल्ली घोकंपट्टी करून प्रवेश परीक्षेत कुणीही गुण आणतं, माणूस घडतो तो संस्थेत, असं त्यांनी बराच वेळ समजावून सांगितलं. आता विचार करता मघाची उत्तरंही जरा पाठ केल्यासारखीच वाटली होती, असंही म्हणाले. आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

तेव्हा थोरली उठली आणि कोट काढला. खांद्याची शिलाई टरकन उसवली.

"कोट उसना आहे, सर. उत्तरं माझी होती."

"तुम्ही आम्हाला फसवलंत." मघाचं 'काय गं' आता 'तुम्ही' झालं होतं.

"जिन्याचं विचारलंत, मी माहीत नाही म्हणाले. कॉलेजचं कुणी विचारलंच नाही." तिने कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला. "गुण खोडायचे तर खोडा. पण माझ्यासमोर खोडा, आणि कुठलं उत्तर चुकलं ते सांगून खोडा."

तिसऱ्या परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. पॅथॉलॉजीच्या बाईंनी आपला कागद ओढून घेतला आणि त्यावर तळवा ठेवला.

"मी दिलेत ते दिलेत," त्या म्हणाल्या. "मी बदलणार नाही."

अध्यक्षांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. हललं नव्हतं. मुलाखत संपली, एवढंच ते म्हणाले. थोरली फाइल उचलून बाहेर पडली. कोट आत राहिल्याचं बसथांब्यावर आठवलं. ती परत गेली नाही.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं ते मशीन न थांबवता. मग म्हणाली, "हातातोंडाशी आलेला घास. गप्प बसली असतीस तर?"

"तर त्यांनी गपचूप खोडले असते."

आईने दोरा तोडला. "खांदा उसवला का गं?"

"उसवला."

"मी सांगितलं होतं, हातवारे करू नकोस." आणि दुसरा कपडा मशीनखाली सरकवताना म्हणाली, "बरं केलंस."

संध्याकाळी महाविद्यालयातून फोन आला. कोट कार्यालयात ठेवला आहे, उद्या सकाळी घेऊन जा, आणि येताना मूळ गुणपत्रिका आणा. कशासाठी, असं थोरलीने विचारलं. तेवढंच सांगायला सांगितलंय, असं म्हणून कारकुनाने फोन ठेवला.

निवडयादी अजून लागलेली नाही.