घसा बसल्यावर

विजयमालाबाईंचा आवाज श्रावणात बसला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, मग हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. भाद्रपद उजाडला तरी घशातून नुसती खरखर यायची. शेवटी त्या एका रविवारी, पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीतून सांगलीला गेल्या. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "आत गाठ आलीय. आठ-नऊ महिने बोलणं बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल."

"मी शिक्षिका आहे," बाईंनी पाटीवर लिहून दाखवलं.

"मग रजा घ्या," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते सोपं होतं.

बाईंना रजा मागायची भीती वाटत होती. १९४४ साल होतं. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, इस्लामपूरपासून चार कोसांवर, कृष्णाकाठच्या एका गावात मुलींची शाळा होती. सात इयत्ता, एकतीस मुली आणि शिकवायला एकट्या विजयमालाबाई. नवरा तापानं गेल्यावर त्यांनी माणदेशात सासरी तीन वर्षं काढली होती. मागचं दार, चूल आणि धान्याची खोली, एवढ्यातच. वाचायला घेतलं की जाऊ पुस्तक उचलून फडताळावर टाकायची. भावानं भांडून त्यांना पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. तो भाऊही पुढं वारला. दीर लालासाहेब त्यांना शाळेवर सोडताना म्हणाले होते, "नोकरी हाय तवर ऱ्हावा. सुटली की दुसऱ्या दिशी गाडी आणतो."

म्हणून बाईंनी कुणालाच काही सांगितलं नाही. पोरींना फळ्यावर लिहून दाखवलं, "बाईंचा घसा दुखतोय." आणि तास सुरू केला.

पहिला आठवडा फार वाईट गेला. इतकी वर्षं बाई धडा मोठ्यानं वाचायच्या, अर्थ सांगायच्या, पोरी तो घोकायच्या. सातवीत चौघीजणी होत्या आणि एप्रिलात त्यांची फायनल, म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा होती. त्यातली बनू, शाळा कमिटीच्या आप्पासोंची मुलगी, अख्खा इतिहास न अडखळता म्हणायची. बाईंनी तिला इतिहासाचा एक नवा धडा दिला आणि फळ्यावर लिहिलं, "यात कोण कुणाशी का भांडलं?" बनू धड्याकडं बघत राहिली आणि रडायला लागली. "बाई, तुमी सांगितलंच न्हाई, मग मला कसं कळंल?"

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. आपण सहा वर्षं या पोरींच्या वतीनं वाचत आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि आता आपलाच आवाज आत कोंडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्याच्या एका बाजूला चार ओळी लिहिल्या आणि खाली 'पुसू नये' असं लिहिलं. आधी धड्याचं नाव आणि चित्र बघा, आत काय असेल ते ठरवा. एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, शेजारणीला आपल्या शब्दांत सांगा. शब्द अडला तर थांबू नका, मागचं नि पुढचं वाक्य पुन्हा वाचा. शेवटी धड्याला एक प्रश्न विचारा.

गणितालाही तेच. उदाहरण वाचलं की पाटीवर आधी दोन रकाने, 'काय दिलंय' आणि 'काय विचारलंय'. त्याआधी आकड्याला हात लावायचा नाही. भूगोलात नकाशा आधी, धडा नंतर.

हे पहिल्यांदा जमलं ते सातवीतल्याच रंगूला. तिचा बाप बिराप्पा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायचा. रंगू मामाकडं राहायची. तिला पाठ काही व्हायचं नाही, म्हणून ती नेहमी मागं बसायची. एके दिवशी भूगोलाच्या धड्यावर तिनं बोट ठेवलं. "बाई, हितं लिवलंय, आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात पाऊस कमी. पर का कमी, ते न्हाई लिवलं. नकाशात म्हाबळेश्वराचा डोंगुर हाय. ढग तिथंच रितं व्हत असतील, व्हय?"

बाईंनी मान हलवली. डोळे पुसायला त्यांना फळ्याकडं वळावं लागलं.

हळूहळू वर्गात गलका वाढला. पोरी भांडायच्या, पुस्तकं उघडायच्या-मिटायच्या, मोठ्या मुली लहानग्यांना प्रश्न विचारायच्या. गावात कुजबुज सुरू झाली. आप्पासो एकदा दारात येऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, शाळेत आता पोरीच बोलत्यात. तुमचा आवाज काय आयकू येत न्हाई." बाई हसल्या. त्यांच्या हातातला खडू मोडला.

कार्तिकात तपासणीला शाळाखात्याचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बनूला इतिहास म्हणायला सांगितला. बनू म्हणाली, "पाठ न्हाई केला. काय कळलं ते सांगू?" आणि तिनं सांगितलं, चांगलं दहा मिनिटं. साहेबांना ते ऐकताना मजा वाटली, पण नियमानुसार शेवटी ते म्हणाले, "आता बाईंनी आदर्श वाचन करून दाखवावं."

बाईंनी पुस्तक उघडलं. एकतीस पोरी बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि घशातून दार करकरल्यासारखा आवाज आला. पुढं काहीच नाही. साहेबांनी मान खाली घातली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. '...यांना शारीरिक कारणास्तव शाळेच्या कामातून मुक्त करण्यात...' बाईंनी 'मुक्त' हा शब्द वाचला. पुढची अक्षरं डोळ्यांपुढं हलायला लागली. त्यांनी कागद घडी करून गादीखाली सारला. हुकूम आल्याची बातमी आप्पासोंनी लालासाहेबांना कळवून टाकली होती. उत्तर आलं, गुरुवारी गाडी घेऊन येतो.

बाई राहायच्या ती खोली शाळेला लागूनच होती, मध्ये एक भिंत. बदलीचं माणूस आलं नाही. पण सकाळी शाळेची घंटा वाजली. बाई दचकून उठल्या. पलीकडं रंगूचा आवाज येत होता, बनूचा येत होता. पोरींनी आपणच शाळा भरवली होती.

त्यांना तिकडं जायची मनाई होती. त्या भिंतीला पाठ लावून बसल्या. हौदाचं उदाहरण चाललं होतं. एका तोटीनं चार तासांत भरतो, दुसरीनं सहा तासांत, तर दोन्ही मिळून? "धा तास!" कुणीतरी ओरडलं. चूक. बाईंनी भिंतीवर बोटं दाबली. सांगता येत नव्हतं, जाता येत नव्हतं. मग बनू म्हणाली, "आगं, दोन तोट्या सोडल्यावर येळ जास्त कसा लागंल? पुन्ना वाच. काय विचारलंय बघ."

बाई भिंतीशी तशाच बसून राहिल्या. त्यांच्यावाचून चाललं होतं. याचा आनंद मानावा की दुःख, ते त्यांना ठरवता येईना.

बुधवारी संध्याकाळी बनू आणि रंगू खोलीत आल्या. बाई ट्रंक भरत होत्या. रंगूनं हुकूम बघायला मागितला. बाईंनी नाइलाजानं दिला. रंगू तो जमिनीवर पसरून बोट फिरवत वाचू लागली, अडली, मागं गेली, पुन्हा पुढं आली.

"बाई, हितं 'तूर्त' हाय. तूर्त म्हंजी आत्तापुरतं ना?"

बाई थबकल्या.

"आन् फुडं लिवलंय, सा म्हैन्यांनी साताऱ्याला सिव्हिल सर्जनाफुडं हजर ऱ्हावं, योग्य ठरल्यास त्याच जाग्यावर रुजू व्हावं. हजर न ऱ्हायल्यास नोकरी संपली. बाई, तुमास्नी काढलंय असं कुटं लिवलंय?"

बाईंनी कागद ओढून घेतला. तिथं तसंच होतं, स्पष्ट. भीतीनं आपण एका शब्दापाशी थांबलो होतो. त्यांनी रंगूच्या डोक्यावर हात ठेवला आणि ट्रंकेतली लुगडी एकेक बाहेर काढली.

गुरुवारी लालासाहेब आले, बरोबर आप्पासोही. बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा करून हुकूम पुढं केला. लालासाहेबांनी पहिली ओळ वाचली. "मुक्त. सुटली की नोकरी. चला, उनं व्हायच्या आत निघू."

दारातून बनू म्हणाली, "काका, फुडं वाचा की."

"गप बस गं," आप्पासो म्हणाले. पण लालासाहेबांनी वाचलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. "बरं. सा म्हैने घरी ऱ्हावा. मी नेतो साताऱ्याला."

ते नेणार नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं. सांगायला आवाज नव्हता, आणि असता तरी दिरापुढं बोलायची रीत नव्हती. त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या. लालासाहेब म्हणाले, "उठा." त्या उठल्या नाहीत. गाडीवानानं बैल जुंपले, सोडले, पुन्हा जुंपले. गल्लीत माणसं जमली. दोन तास बाई तिथं खाली मान घालून बसून होत्या आणि घामानं भिजल्या होत्या.

शेवटी आप्पासोच अवघडले. "लालासाहेब, ऱ्हाऊ द्या आवं. पोरींची परीक्षा हाय. माजी बनू बी हाय त्यात. सा म्हैने माज्या घरची भाकरी धाडीन मी."

लालासाहेबांनी बाईंकडं न बघता पटका सारखा केला. "सा म्हैने. वर एक दिस न्हाई."

ते सहा महिने बाई भिंतीच्या अलीकडंच राहिल्या. शाळेत पाय टाकला नाही. संध्याकाळी पोरी वह्या आणायच्या, आणि बाई उत्तर न लिहिता समासात फक्त प्रश्नचिन्ह काढायच्या. फायनलला चौघी बसल्या, तिघी पास झाल्या. रंगू गणितात तीन मार्कांनी गेली. तिनं सगळी उदाहरणं मांडली होती, पण वेळ पुरला नाही. "फुडल्या साली बसंन," ती म्हणाली, आणि त्याच आठवड्यात बापाबरोबर मेंढरांमागं निघून गेली. पिशवीत भूगोलाचं पुस्तक होतं.

मे अखेरीस बाई साताऱ्याला एकट्याच गेल्या. सिव्हिल सर्जननं घसा तपासला. "बोला काहीतरी."

टेबलावर दवाखान्याच्या नियमांचा छापील कागद होता. त्यांनी तोच वाचला. आवाज जाड, चिरलेला, ओळखू न येणारा होता, पण आवाज होता. सर्जननं सर्टिफिकेट लिहिलं: एक वर्षापुरती योग्य, पुढील वर्षी पुन्हा तपासणी.

म्हणजे दर मे महिन्यात साताऱ्याची वारी, आणि तिकडं माणदेशात गाडी जुंपायला तयार असलेले दीर. बाईंनी सर्टिफिकेट शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि इस्लामपूरची मोटार कुठून सुटते ते दारातल्या शिपायाला विचारलं. त्याला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं.