राखणीच्या डब्याची कैफियत

मी डबा बोलतोय. खरं तर ‘बोलतोय’ म्हणायची मला लाज वाटते. आयुष्यभर मी नुसता वाजलो, आणि ज्या दिवशी बोलायची गरज होती त्या दिवशीही मला वाजण्यापलीकडे काही जमलं नाही.

जन्माने मी रॉकेलचा. रॉकेल संपलं तसा रविवार पेठेत दादामियाँ नावाच्या पत्रेवाल्याच्या दुकानात येऊन पडलो. पानशेत फुटल्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. दादामियाँनी माझं झाकण कापलं, मला उपडं केलं, बुडाला भोक पाडून आत लोखंडाचा एक जाड तुकडा साखळीने टांगला आणि साखळीचं टोक भोकातून बाहेर काढलं. मग दोन-तीनदा खेचून पाहिलं. शेजारचा अत्तरवाला कान झाकून म्हणाला, “मियाँ, हे विका तरी नाहीतर मला विका.”

मला घ्यायला आला होता हडपसरचा जयसिंग. पंचविशीचा, अंगाने काटक, बोलायला तिखट. शाळू निसवत आला होता, ज्वारीची कणसं बाहेर पडू लागली होती आणि भोरड्यांच्या झुंडी उतरू लागल्या होत्या. या काळ्या-गुलाबी पाखरांची एक झुंड बसून उठली की कणसांत नुसती पिशी, म्हणजे दाण्यावाचून रिकामी टरफलं, उरते.

“आवाज लांबवर जाईल ना?” जयसिंगने विचारलं.

“घेऊन जावा पाटील,” दादामियाँ म्हणाले. “मुडदासुद्धा उठून बसेल.”

त्या माणसाचा यात काही दोष नाही. पण ते वाक्य मी विसरलेलो नाही.

जयसिंगचं रान कालव्याच्या खाली होतं, चांगलं चार एकर. रानाच्या मधोमध चार मेढींवर माळा उभा केलेला आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात एका खांबावर मी. माझ्यापासून माळ्यापर्यंत शाळूच्या डोक्यावरून एक लांब दोरी गेलेली. माळ्यावर बसून दोरी ओढली की मी इकडे कडाडायचो. दोरी ओढायला जयसिंगची बायको तुळजा असायची. एका हाताला दोरी, दुसऱ्या हाताला गोफण, आणि वर तोंडाने ‘हाऽऽ हो’ चालूच.

राखणीची एक रीत होती. एका रानातून हाकारा उठला की शेजारच्या रानाने त्याला जाब द्यायचा, म्हणजे उठलेल्या पाखरांना बसायला जागा मिळत नाही. शेजारी सर्जेराव होता. तुळजाने मला वाजवलं की तो आपलं थाळं बडवायचा. दिवसभर असा गोंगाट चालायचा आणि गावातल्या माणसांना तो ऐकूसुद्धा येत नसे. घरातल्या घड्याळाची टिकटिक कुणाला ऐकू येते? कान टवकारायचे ते मी थांबलो म्हणजे. डबा गप्प झाला याचा अर्थ राखणीला डुलकी लागली.

तिसऱ्या वर्षी तसंच झालं. तुळजाचा अनंत तेव्हा वर्षाचा होता आणि त्याला दात येत होते. चार दिवस तिला धड झोप नव्हती. माळ्यावर तिचा डोळा लागला आणि घटकाभरात भोरड्यांनी माझ्या पायाखालचा कोपरा साफ केला. जयसिंग आला, त्याने पिशा झालेली कणसं तिच्या पुढ्यात टाकली.

“उद्यापासनं डबा थांबता कामा नये,” तो म्हणाला. “डबा थांबला की मी आलोच म्हून समज. मग बघ.”

तुळजा खाली मान घालून कणसं गोळा करत राहिली. मला जयसिंगचा राग आला होता, पण डब्याच्या रागाला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने मला जराही उसंत दिली नाही. दुपार कलली तेव्हा ती गोफणीसाठी ढेकळं गोळा करायला माळ्यावरून उतरली, आणि बांधाला रचलेल्या पाल्यात हात घातला. नाग होता. तिने त्याला नीट पाहिलं, कारण ‘नाग, नाग’ असं ती दोनदा म्हणाली.

चाललं की विष चढतं एवढं तिला ठाऊक होतं. तिने पदराची चिंधी फाडून मनगटावर आवळली, माळ्याच्या मेढीला टेकून बसली आणि हाताशी आलेली दोरी ओढायला लागली. शाळू पुरुषभर उंच. बाहेरून तिचं डोकंसुद्धा दिसत नव्हतं. तिच्याजवळ मी होतो आणि तिचा गळा होता.

मी वाजलो. एवढा जीव तोडून मी ना त्याआधी कधी वाजलो, ना त्यानंतर. ती ओरडत होती, “आवं, या कुनी.” पण रान ओलांडेपर्यंत शब्द झिजून जात होते आणि पलीकडे नुसतं ‘ओऽऽ’ पोचत होतं. सर्जेरावने ते ऐकलं आणि रीतीप्रमाणे जाब दिला. थाळं बडवलं, ‘हाऽऽ हो’ केलं. ती जितकं ओरडली तितका तो बडवत राहिला. भला माणूस, आपल्या परीने तिला साथच करत होता.

तिकडे विहिरीवर जयसिंगची आई बायडाबाई धुणं धूत होती. ती लेकाला म्हणाली, “आज पोरीनं राखण धरलीया बघ. तू बोललास त्ये बरं झालं.” जयसिंग हसला म्हणे. हे त्याने स्वतःच पुढे सगळ्यांना सांगितलं, सांगायची गरज नसताना.

हळूहळू तिची हाक जड झाली. दोरी अडखळायला लागली. एकदा, मग बऱ्याच वेळाने एकदा. मग मी थांबलो.

आणि मी थांबल्याबरोबर जयसिंग आला. बांधावरूनच ओरडत आला, “झोपलीस ना परत?” माळ्यावर कुणी नव्हतं. ती खाली होती. दोरी तिच्या मुठीतून सोडवावी लागली.

वेळेवर ससूनला नेलं असतं तर वाचली असती, असं पुढे सगळे म्हणाले. मी मात्र दुसराच हिशेब करत बसतो. तिने मला वाजवलंच नसतं, दोरी टाकून नुसती गप्प बसली असती, तर जयसिंग तेव्हाच धावत आला असता. रागाने का होईना, आला असता. माझ्या आवाजाने तिला मारलं. हे मी कबूल करतो.

त्यानंतर जयसिंगने मला खांबावरून उतरवलं, पण मोडीत दिलं नाही. त्याच्यात एक खोड मात्र शिरली. कुणाच्याही रानात डबा वाजला की हातातलं काम टाकून तो तिकडे पळायचा. माळ्यावरची बाई म्हणायची, “पाखरं हायती, भावजी.” तो म्हणायचा, “असतील. पन बघून जायाला काय जातंय?” लोक आधी हळहळले, मग हसले, मग त्यांना सवय झाली.

पुढे रानं गेली. भोरड्या गेल्या, माळे गेले. आमच्या चार एकरांवर अकरा मजल्यांच्या इमारती आल्या आणि त्यांतल्या एकीच्या आठव्या मजल्यावर आता जयसिंग राहतो. लेक अनंत, सून श्यामला आणि गॅलरीत मी. श्यामलाने मला उताणा करून माझ्यात माती भरली आणि कोरफड लावली. बाई वाईट नाही. माझं तोंड बंद झालं ते मला बरंच वाटतं.

पण गेल्या वर्षी सोसायटीला कबुतरांचा वैताग आला. खाली फळ्यावर सूचना लागली : ‘कबुतरांना दाणे घालून पुण्य मिळवणाऱ्यांनी ते स्वतःच्या दिवाणखान्यात मिळवावे.’ पुण्य काही थांबलं नाही. शेवटी गच्चीवर एक यंत्र बसवलं. त्यातून दर दहा मिनिटांनी ससाण्याचा चीत्कार निघतो. कबुतरं आठवड्यात त्याला सरावली आणि आता त्याच्यावरच बसतात. माणसंही सरावली.

एकटा जयसिंग सरावला नाही. ऐंशीला टेकलेला म्हातारा दर दहा मिनिटांनी काठी शोधतो.

“आबा, यंत्र आहे ते,” श्यामला सांगते. “कबुतरांसाठी. बसा बघू.”

“असंल. पन बघून यायला काय जातंय?”

एकदा तो गच्चीच्या जिन्यात पडला. तेव्हापासून अनंतने दाराला वर, त्याचा हात पोचणार नाही अशी कडी लावली आहे. काळजीनेच लावली, मला कळतं. म्हातारा दाराशी उभा राहून दार थोपटतो, “आलो गं, आलो,” म्हणतो. शेजाऱ्यांना ते रोजचंच झालं आहे. कुणी येत नाही.

श्यामला, अनंत, माझं एवढं ऐका. दिवसातून एकदा ती कडी काढा, त्याचा हात धरा आणि त्याला गच्चीवर नेऊन आणा. वर काही नाही हे त्यालाही ठाऊक आहे. त्याला फक्त जायचं आहे.

कारण दिवस मावळला की यंत्र आपोआप बंद होतं. मग तो दार थोपटायचा थांबतो, थोडा वेळ कान देऊन उभा राहतो, आणि तिथेच खाली बसून म्हणतो, “थांबला.”