एकोणीस गुडघे

हिल्मा कारप्पिनेनने उत्तर फिनलंडमधल्या एका इस्पितळात बावीस वर्षं एमआरआय यंत्र चालवलं. शेहेचाळिसाव्या वर्षी ती पीएचडीला लागली, तेव्हा सोबतच्या रेडिओग्राफर बायका म्हणाल्या, "आता तुला डॉक्टरीणबाई म्हणायचं की काय?" थट्टा केली खरी, पण तिला अभ्यासाला दिवस मिळावा म्हणून तिच्या मंगळवारच्या पाळ्याही त्यांनीच वाटून घेतल्या.

गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजायला लागण्याआधीच तिच्यातला बदल चित्रात मोजता येईल का, हा तिचा विषय. पन्नास माणसं आपण होऊन तयार झाली. मोजमापं संपली आणि एका दुपारी आकडे बघता बघता हिल्माने पहिली पानं पुन्हा उलटली. पहिल्या एकोणीस जणांचे आकडे वेगळेच होते. त्यांची मोजमापं झाली त्या हिवाळ्यात इस्पितळाची लिफ्ट बंद होती. ती माणसं तीन जिने चढून आली आणि तशीच यंत्रात झोपली. चढून चढून दबलेली कूर्चा! बाकीचे सगळे लिफ्टने आले होते.

ती तडक मार्यात्ताकडे, आपल्या मार्गदर्शक बाईंकडे गेली.

"कुणाला बोललीस?" मार्यात्ताने विचारलं.

"तुलाच पहिल्यांदा."

मार्यात्ताने तिच्यापुढे कॉफी सरकवली. "बावीस वर्षं माणसांना हाताला धरून आत नेलंस, म्हणून तुला हे दिसलं. मला जन्मात दिसलं नसतं. त्या एकोणीस जणांना परत बोलव. आधी अर्धा तास बसव, मग मोज. आणि यावर एक अख्खं प्रकरण लिही."

फोन करताना हिल्माला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पहिला फोन ओइवाला, एकाहत्तर वर्षांच्या रेनडिअरवाल्याला.

"दोनशे किलोमीटर येऊन नुसतं बसायचं?"

"हो. चूक माझी आहे."

"अगं पोरी, घरी तरी मी काय करतो? मागच्या वेळी तू वाकून माझे बूट काढलेस. माझ्या सख्ख्या मुलाने कधी काढले नाहीत. गुरुवारी येतो. कॉफी तेवढी कडक कर."

एकोणीसच्या एकोणीस आले. एक बाई तर घरचे वेलचीचे पाव घेऊन आली.

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला हिल्मा काळ्या पोशाखात उभी राहिली. डेन्मार्कहून आलेल्या परीक्षकांनी दोन तास तिला घाम फोडला. मग ते म्हणाले, "ते जिन्याचं प्रकरण वाचलं आणि आम्हीही पेशंटला आधी बसवायला लागलो." शेवटी रिवाजाप्रमाणे सभागृहाला विचारलं गेलं, कुणाला काही आक्षेप?

मागच्या रांगेतून ओइवा उठला. "आक्षेप नाही. माझा गुडघा कसाय, तेवढं सांगा."

सभागृह खो खो हसलं. हिल्माही हसली आणि म्हणाली, "ते नंतर एकट्यात सांगते."

संध्याकाळच्या मेजवानीत तिने आधी परीक्षकांचे आभार मानले, मग मार्यात्ताचे, मग मंगळवार सांभाळणाऱ्या बायकांचे. "आणि एकोणीस माणसं," ती म्हणाली, "ज्यांची नावं मला गुप्ततेच्या नियमाने घेता येत नाहीत. त्यांना मी चुकले म्हणून सांगितलं आणि ती परत आली."

तिने पेल्याकडे हात नेला. सोबतिणींनीच आधी पेले उचलले.